कुलूप मी लावलं (अस्पष्ट)

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, चौकशी समितीच्या कार्यालयातली ध्वनितंत्रज्ञ आणि जबानी-लेखनिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. दोन्ही कानही शाबूत आहेत. नोकरीच्या नियमाप्रमाणे दर वर्षी त्यांची तपासणी होते. यंदाचा दाखला सोबत जोडला आहे.

वकीलबाईंनी दिलेल्या मसुद्यात यापुढे "कोणाच्याही दडपणाखाली न येता" असे शब्द होते. मी तिथे थांबले. त्या म्हणाल्या, "अहो, लिहून टाका, सगळेच लिहितात." सगळे लिहितात तसे लिहूनच मी एका माणसाला जन्मठेपेला पाठवले आहे, म्हणून नेमके लिहिते. मालमत्ता कोणाला द्यावी याबाबत माझ्यावर दडपण नाही. बाकी सर्व बाबतींत आहे.

मी काय केले ते आधी. शिलाई कारखान्याला आग लागली. दाराला कुलूप होते, चौदा जणी आतच राहिल्या. तिथल्या रखवालदाराने समितीपुढे साडेचार मिनिटे जबानी दिली. ती ऐकून कागदावर उतरवणे माझे काम. आमचा नियम असा की शब्द लागला नाही तर तीन वेळा ऐकायचा, तिसऱ्यांदाही लागला नाही तर कंसात 'अस्पष्ट' लिहायचे. रखवालदार म्हणाले, "साहेब, कुलूप मी लावलं नव्हतं. वरून हुकूम आला, मॅनेजरनं लावलं. किल्ली मागायला गेलो तर म्हणाले, नुसता धूर आहे, बसू दे त्यांना." मला प्रत्येक शब्द पहिल्याच वेळी लागला.

आमच्या साहेबांना आम्ही इस्त्री म्हणतो. त्यांच्या हाताखालून गेलेल्या जबानीला सुरकुती राहत नाही. त्यांनी माझ्या पानावर सहा ठिकाणी बोट ठेवले. त्यातले एक 'नव्हतं'वर होते.

मी म्हटले, "सर, हे स्वच्छ ऐकू येतंय."

"तुम्हाला येतंय. मला नाही येत. आता आपल्या दोघांत अहवालावर सही कोणाची?"

सही त्यांची. पण कंस मी टाकला. छापील अहवालात वाक्य असे आहे: "कुलूप मी लावलं (अस्पष्ट)." न्यायालयाने ते कबुलीजबाब म्हणून वाचले. कंसात काय होते ते कोणी विचारले नाही. अपिलाची मुदत उद्या संपते.

मूळ ध्वनिमुद्रण पुसले गेले आहे. माझ्याकडे एक प्रत आहे. मी समितीला तीन पत्रे लिहिली. तिन्ही "मजकूर वाचता येत नाही" असा शेरा मारून परत आली. ती टाइप केलेली होती. तीन वर्तमानपत्रांना फोनवर प्रत ऐकवली. दोघांनी फोन ठेवला, तिसऱ्याने ठेवण्याआधी माझा पत्ता विचारला. इंटरनेटवर ती अकरा मिनिटे राहिली. मग वकीलबाई सहज बोलून गेल्या की मृत्युपत्रातला एक शब्द जरी खोडला तरी शेजारी मृत्युपत्र करणाऱ्याचीच सही लागते, दुसऱ्या कोणाची चालत नाही. असा कागद मला सात वर्षांच्या नोकरीत दिसला नव्हता, म्हणून हे सगळे यात लिहिते.

उद्या सकाळी दहा वाजता मी प्रत घेऊन न्यायालयाच्या पहिल्या मजल्यावरच्या नोंदणी खिडकीशी जाईन. याच प्रकरणात माझ्याआधी तिथे गेलेले अग्निशमन दलाचे गृहस्थ पाच आठवडे घरी आलेले नाहीत. म्हणून वाटणी आजच.

कलम १. राहती खोली व स्वयंपाकघर दादाला द्यायचे होते. ते आता आईला. कारण शेवटच्या कलमात आहे. आईने आम्हाला बोलण्याआधी खिडकी लावायला शिकवले. मी ते इतके चांगले शिकले की मला त्याबद्दल पगार मिळू लागला. आई, याचा राग माझ्या मनात होता. तो या कलमाबरोबर संपला. खिडकीची कडी मी काढून टाकली आहे, नवीन बसवू नकोस.

कलम २. बँकेतली शिल्लक रखवालदारांच्या अपिलासाठी. व्यवस्था वकीलबाई पाहतील.

कलम ३. हेडफोन आणि पायाचे पेडल माझ्या खुर्चीवर येणाऱ्या मुलीला. पेडलची डावी बाजू झिजली आहे. आवाज मागे नेणारी बाजू तीच. मुली, तुला कोणी विचारेल की ऐकू येतंय का. उत्तर देण्याआधी तो का विचारतोय ते बघ.

कलम ४. कान-तपासणीच्या दाखल्याची दुसरी प्रत इस्त्री साहेबांना. टेबलावर, काचेखाली ठेवावी.

कलम ५. ध्वनिमुद्रणाची आणखी एक प्रत रखवालदारांच्या पत्नीला. ती कुठे आहे ते वकीलबाईंना ठाऊक आहे. निकालानंतर या बाई माझ्या दारात आल्या होत्या. आत या म्हटले तरी आल्या नाहीत.

"तुम्हीच ना त्या लिहिणाऱ्या? एवढंच सांगा, तो 'नव्हतं' म्हणाला होता का?"

"ऑफिसचं बाहेर बोलता येत नाही मला."

"बोलू नका. मान हलवा. मान हलवायला आवाज होत नाही, बाई."

मी मान हलवली नाही. जिन्यात खालच्या मजल्यावरची माणसे उभी होती. त्या बराच वेळ माझ्या मानेकडे बघत राहिल्या आणि गेल्या. त्यांना उत्तर इथे देते: हो. "नव्हतं" म्हणाले होते. स्वच्छ म्हणाले होते.

कलम ६. माझ्याबद्दल 'बेपत्ता' असे लिहू नये. मी कुठे गेले ते वर वेळेसकट लिहिले आहे. मी हे सगळे मागे घेते, अशा अर्थाचा माझ्या सहीचा कागद पुढे निघाला, तर त्यात गाळलेला 'नाही' शोधावा.

कलम ७. साक्षीदार दोन लागतात. खालच्या दुकानातले औषधवाले काका तयार झाले. म्हणाले, "सही करतो, पण आत काय लिहिलंय ते मी वाचलं नाही हं." कायद्याने वाचावे लागत नाही. दुसऱ्यासाठी मी नऊ दारे वाजवली. नवव्या दारातल्या बाईने हाताला लागलंय म्हणून सांगितले, तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बादल्या होत्या.

आज दुपारी दादा आला. तो सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. समितीच्या अहवालाची मुद्रिते त्यानेच तपासली, माझे कंस नीट मिटलेत ना ते पाहिले. महिनाभर आम्ही बोललो नव्हतो. शेवटचे बोलणे असे झाले होते: "एका 'नव्हतं'साठी एवढं?" "एका 'नव्हतं'वर जन्मठेप झाली, दादा."

आज म्हणाला, "साक्षीदार मिळाला?"

"नाही. आणि तू नकोस. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही. खोली जाईल."

"जाऊ दे."

"नोकरीही जाईल. आणि आईजवळ कोण राहणार?"

"शहाणे, पेन दे."

मला हे नको होते, असे नोंदवते. आईला आता दोघांची वाट पाहावी लागेल. कोऱ्या कागदावर त्याला सही करून पाहायला लावली. गिचमीड येते. त्या सहीपुढे कोणी कंसात 'अस्पष्ट' लिहिले तर: ती माझ्या सख्ख्या भावाची आहे, आणि मला ती लागते.

या कागदात खाडाखोड नाही. पुढे दिसली तर ती माझी नाही.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल, खिडकी उघडी.
दिनांक: नऊ, गुरुवार, दुपारी चार.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार १: (सही) औषधविक्रेता, तळमजला. मी वाचलेले नाही.

साक्षीदार २: (सही) करणारीचा भाऊ, मुद्रितशोधक. मी वाचले आहे. वरच्या मजकुरात 'नव्हतं' हा शब्द सहा वेळा आहे. माझा धरून सात. यापुढे मोजून घ्यावेत.