सन दोन हजारचे दमेकरी

३ फेब्रुवारी १९८४
साहेबांनी नवीनच काम गळ्यात टाकलं — सन दोन हजारात जिल्ह्यात दमेकरी किती असतील, त्याचा अंदाज! आरोग्य खात्यात अठरा वर्षं आकडे जुळवतोय, पण होऊन गेलेल्या गोष्टींचे. आधी काही गावांतली घरं मोजायची, मग वाढीचा दर लावायचा. महिनाअखेर वर पाठवायचं आहे.

९ फेब्रुवारी
नाकाडोंगरी. एकशे बारा घरं, दमेकरी चार. शक्यच नाही! निम्म्या ओसऱ्यांवर कोणी ना कोणी धापा टाकतंय. शकुनबाई नावाची बाई विड्या वळत बसली होती, छातीतून शिट्टी ऐकू येत होती. विचारलं तर म्हणे, "सरदी हाये." मी रकान्यावर पेन टेकवला तसा तिनं हातच धरला —
"लिवू नोको भाऊ. पोरीचं लगन व्हाचं हाये. दम्याच्या घरची पोरगी कोन पसंत करते?"
"दमा नाही" असं लिहिलं.

१० फेब्रुवारी
शकुनबाईची दया आली म्हणून लिहिलं, असं काल स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. माझ्या वच्छलाला बाराव्या वर्षापासून दमा आहे. शहापूरचे पुंडलिकराव एकोणीस तारखेला मुलाला घेऊन तिला पाहायला येताहेत. रुखमिणी म्हणाली, "तुमी तोंड बंद ठेवजा. लगन झाल्यावर पाहून घेऊ."
हो म्हणालो. नवरा म्हणूनही, बाप म्हणूनही.

१४ फेब्रुवारी
गणित सुटत नाही. लपवलेले किती धरू? दुप्पट? तिप्पट? साहेब म्हणाले, "कागदावर आहेत तेवढेच धरा." कागदावर तर मीच लिहिलंय! या आकड्यावर उद्या गोळ्या येणार, इंजेक्शनं येणार. चार माणसांपुरती. बाकीच्यांनी काय करायचं? खुर्चीतून उठावंसं वाटतं, पण उठून जाऊ कुठं? घरी तेच.

१७ फेब्रुवारी
सकाळी चुलीचा धूर लागला. वच्छला खाटेवर वाकून बसली, ओठ निळसर. रुखमिणीनं आधी दार लावलं, मग पाणी दिलं.
धाप ओसरल्यावर पोरगी मला म्हणाली, "बाबा, त्या घरी गेल्यावर मी कोनतं दार लावू?"
डबा घेऊन ऑफिसला गेलो!

१९ फेब्रुवारी
वच्छलानं पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि उभ्यानंच सांगून टाकलं — "मले दमा हाये. लहानपनापासून." रुखमिणी दार लावायला उठली. मी जमिनीकडे पाहत राहिलो.
पुंडलिकरावांनी बशी खाली ठेवली. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यालेबी हाये. आमी सांगनारच नव्हतो."
वच्छलानं तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.
उद्या साहेबांना सांगणार — अंदाज थांबवा. घरं पुन्हा मोजायची आहेत.