घरगुती माणसाला पाठवायचं काय असतं?

१२ जानेवारी २०२३, घाटंजी
कापूस इतक्यात विकायचा नाही, हे आज नक्की केलं. गेल्या हंगामात मी घाई केली आणि मागून भाव चढला. यंदा थांबणार. समोरची खोली भरली आहे, उरलेला ढीग लेकीच्या, आभाच्या अभ्यासाच्या खोलीत. शेत वाहणाऱ्या हिरासिंगने आपला वाटा केव्हाच विकला. म्हणतो, "साहेब, इकून टाका. घरात ठेवून कायले खाजवत बसता?" त्याचा बाजाराचा अभ्यास नाही. अंगाला खाज मात्र सुटते आहे.

१५ जानेवारी
तीन कॅमेरे बसवले. एक फाटकावर, दोन कापसावर. मोबाईलवर आवाजासकट दिसतं, महिनाभराचं रेकॉर्डिंगही राहतं. अंगणात बसून घरातला कापूस लाइव्ह पाहिला. सुचित्रा म्हणाली, दार उघडंच आहे, आत येऊन पाहा. बायकोला टेक्नॉलॉजीचं काही नाही.

१६ जानेवारी
नेटवाला घनश्याम मोठा प्लॅन घ्या म्हणून मागे लागला होता. त्यात म्हणे अपलोड जास्त. मी विचारलं, घरगुती माणसाला पाठवायचं काय असतं? आपल्याला फक्त घ्यायचं असतं. साधाच प्लॅन ठेवला.

२ फेब्रुवारी
आभाची ऑनलाइन मुलाखत. पुण्याची कंपनी. दोन वर्षं अर्ज करते आहे, पहिल्यांदाच कुणी बोलावलं. तिला ते लोक स्पष्ट दिसत होते. त्यांना मात्र आभा तोंड अर्धं उघडं ठेवून थिजलेली दिसत होती. माणसं भली, नऊ तारखेला पुन्हा वेळ दिली. नेट कंपन्यांची तक्रार करायलाच हवी.

३ फेब्रुवारी
घनश्याम तपासून गेला. जाताना मला हळूच म्हणाला, "काका, तुमचे तिन्ही कॅमेरे रात्रंदिवस व्हिडिओ वर पाठवून राह्यले. पोरीच्या वाट्याले काय उरन?"
म्हणजे पाठवणारा मीच. रात्री जेवण गेलं नाही. नुसता दहीभात, दोनदा. आभाला सांगणारच होतो, पण मुलाखतीच्या तोंडावर तिचं लक्ष कशाला उडवा? संकल्प: नऊ तारखेला कॅमेरे बंद. तिन्ही.

९ फेब्रुवारी, सकाळी १०
तिन्ही बंद केले. बोललो की करणारा माणूस आहे मी. आभाने मागे दिसू नये म्हणून ढिगावर चादर घातली. घरात शांतता हवी म्हणून मी पलीकडच्या गल्लीतल्या सदाशिवरावांकडे निघालो.

दुपारी १
सदाशिवरावांना माझं कापसाचं धोरण पटत नाही. म्हणाले, असा किती आहे तुमच्या घरात? तोंडी सांगून त्यांना कळेना, म्हणून दोन मिनिटांपुरता कॅमेरा सुरू केला. एकच. त्यात ढीग लहान दिसतो, म्हणून दुसरा. त्यात चादर दिसली आणि चादरीपुढे आभाची पाठ. हात हलवून काय छान बोलत होती. सदाशिवराव म्हणाले, पोरगी हुशार आहे. मला भरून आलं. मग चहा आला.
घरी आलो तर आभा चादरीची घडी घालत होती. अर्धी मुलाखत उत्तम झाली, मग तिचा आवाज तिकडे पोचेनासा झाला. मी म्हणालो, या कंपन्या लुटारू आहेत. ती हो म्हणाली. ते हो मला सहन झालं नाही.

१० फेब्रुवारी
फाटकावरचा कॅमेराही पुन्हा सुरू केला. नेट कंपनीला दोन पानी अर्ज लिहिला. घरगुती ग्राहकास वाढीव अपलोडची नितांत गरज आहे, वगैरे. भाषा उत्तम उतरली. 'माझ्या मुलीचे नुकसान झाले' इथे पेन अडलं. ते वाक्य खोडलं.

११ फेब्रुवारी
आभाने घनश्यामला बोलावलं होतं. मी त्याला फाटकातच गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. सदाशिवराव, दोन मिनिटं, चहा. फार हलकं वाटलं. फक्त पोरीला सांगू नको म्हणालो. त्याने मान खाली घातली. म्हणाला, "मी कायले सांगू? तुमीच सांगा."
सांगणार आहेच. योग्य वेळी.

२४ फेब्रुवारी
पुण्याहून नकार आला. आभा जेवली नाही. ही योग्य वेळ नव्हे.

१० मार्च
भाव उतरतोच आहे. आणखी उतरेल या भीतीने आज घाईघाईत कापूस विकला, जानेवारीपेक्षा कमी भावात. हिरासिंग गाडी भरू लागला. गाडी फाटकातून निघतानाचा व्हिडिओ कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून आठवण म्हणून काढून दे, असं म्हणून आभाला माझा मोबाईल दिला. ती मागच्या दिवसांचं रेकॉर्डिंगही चाळत बसली. मग मोबाईल माझ्यापुढे धरला.
११ फेब्रुवारी. फाटकात मी आणि घनश्याम. चित्र स्वच्छ. आवाज कुठेही तुटत नव्हता.
"बाबा, हे मात्र नीट पोचलं," एवढंच म्हणाली, आणि खोली झाडायला आत गेली.
तिच्या खोलीतला कॅमेरा अजून काढलेला नाही. अंगणात बसून मोबाईलवर पाहतो आहे. ती कोपऱ्यात राहिलेला कापूस गोळा करते आहे, मध्येच थांबून डोळे पुसते आहे.
दार उघडंच आहे.