लाडू फॉन्टमधला धोक्याचा बोर्ड

३ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून रोज लिहायचं आणि स्वतःशी खोटं बोलायचं नाही. माझा फॉन्ट पूर्ण झाला. नाव ठेवलं 'लाडू'. जाड, गुबगुबीत अक्षरं. एकालाही टोक नाही. 'ड' तर मांडीवर घ्यावासा वाटतो. माझ्या फ्लेक्सच्या दुकानात यापुढे लाडूशिवाय काही छापायचं नाही.

९ नोव्हेंबर
बालवाडी, बेकरी, आकांक्षाचं होमस्टे. सगळीकडे शोभला. बायकोला, संचिताला म्हटलं, तटस्थ मत दे. म्हणाली, "माझ्या बाराव्याच्या फ्लेक्सार पण हीच अक्षरां घालशात." कौतुक असावं.

१८ नोव्हेंबर
ग्रामपंचायतीचं काम मिळालं. खाडीच्या मुखावर ओहोटीला पाणी आत खेचतं, तिथे बोर्ड हवाय : 'धोका! पाण्यात उतरू नका.' लाडू वापरावा का? बराच वेळ स्वतःला विचारलं. शेवटी पटलं. दरडावणारी अक्षरं कोण वाचतं? प्रेमाने सांगितलं की माणूस ऐकतो. रंग गुलाबी, पिवळा.

२६ नोव्हेंबर
बोर्ड लागला. मासेमार सेबॅस्टियन तिथेच किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढतो. म्हणाला, "अरे, ह्यां बघून माणूस भियात, काय तेका भूक लागात?" डिझाइन कळायला वेळ लागतो. संयम ठेवायचा.

७ डिसेंबर
यश! पर्यटक बोर्डापाशी थांबतात, फोटो काढतात. म्हणजे वाचतात. पण सेबॅस्टियनने बोर्डासमोरच बांबू रोवून लाल फडकं बांधलंय. इथले रापणकार खेचणाऱ्या पाण्यापाशी असाच बावटा लावतात. फोटोत तो नेमका 'धोका'च्या आड येतो. दोन सूचना एकदम दिल्या की माणूस गोंधळतो. मी स्वार्थी विचार करतोय का? तपासलं. नाही.

१० डिसेंबर
बावटा उपटला. मीच. सेबॅस्टियन तडक दुकानात आला. "तुझी अक्षरां बुडत्याक भायर काढतली काय रे?" म्हटलं, बोर्ड आहे ना. "बोर्ड खंय तो? वाढदिवसाचो केक आसा!" तो आज बहिणीकडे गोव्याला चाललाय, नाताळला परतेल. तोवर मीच बावटा थोडा बाजूला लावीन, असा शब्द दिला. शब्द म्हणजे शब्द.

१५ डिसेंबर
बावटा लावायचा राहिला. मशीन बिघडलं. उद्या नक्की.

१७ डिसेंबर
बांबू घरी आणून ठेवलाय. म्हणजे अर्धं काम झालं.

२० डिसेंबर
खाडीच्या मुखावर एक जण बुडून गेला. कोल्हापूरचा, तिशीतला. ओहोटी होती. संध्याकाळी जाऊन पाहिलं. बोर्ड जागेवर होता, स्वच्छ, दुरूनही वाचता येत होता. त्यात माझ्याकडून काही कमी नव्हतं. बांबू घेऊन गेलो होतो. पोलीस होते, म्हणून रोवला नाही. लोकांना वेगळं वाटलं असतं.

२१ डिसेंबर, दुपार
त्याचा भाऊ दुकानात आला. घरी लावायला फोटो हवा होता. मोबाइलमधला शेवटचा. बोर्डाला टेकून हसतोय.
भाऊ म्हणाला, "मागचं तेवढं काढा. सेल्फी पॉइंट होता तिथला. तिथनंच पाण्यात गेलो आम्ही."
मी काढलं. 'धो'ची मात्रा खांद्यावर उरली होती. ती वेगळी पुसावी लागली.
खाली नाव घालायचं होतं. कुठल्या अक्षरात, असं विचारलं.
म्हणाला, "कुठल्याही घाला. वाचता आलं म्हणजे झालं."