एक घर बाकी हाय

ता. ७ नोव्हेंबर
आपलं गाव, तालुका चामोर्शी

धुरपता,

जय येशू. आमी इथी बरे हावो, तुमी मायलेकी तिथी बऱ्या असान. दीपिकाच्या लेकराले दात आले का? तू फोन उचलत नाई म्हणून कागद घेतला. माया चौथीच्या अक्षराले हासजो नको. सिस्टर उद्या अहेरीले येऊन राह्यली, तिच्या हाती देते.

धान कापणं झालं. तुया बांधीतलंही तुया भासऱ्यानं, म्हंजे आमच्या ह्याईनं, कापून ठेवलं. तुई बकरी माया परसात हाय. माया वालाचे वेल खाते अन् वरून माह्याकडंच पाहते. गेली तं एवढं सांगून तरी जाचं होतं का कुठी चाललो, किती दिवस चाललो. असो.

तू गेली तवापासून संध्याकाळच्या प्रार्थनेत लोक एकच पुसतेत, धुरपता कवा येते. जशी मी तुई पहारेकरीन. शुभवर्तमान वाचून झालं का चिंतन कोणी सांगाचं म्हणून सगळे खाली पाहतेत. आधी वीस वर्सं कोण सांगे? मीच. दोन गोष्टी सांगे, देवाले भ्या, शेजाऱ्याच्या वावराचं धुरं कोरू नोका, अन् उठा. लोक घरी जाऊन जेवत. मंग सिस्टरनं तुले उभं केलं अन् सगळ्याईले रडाची सवय लागली.

आमचे हे एका दिवशी जेवता जेवता म्हनतेत, "धुरपता बोलली का पोट भरते." म्या ताट उचलून नेलं. रांधाचं म्या अन् पोट तुया बोलण्यानं भरते तं उपाशी राहा म्हनलं.

त्या मोहाच्या झाडाच्या गोष्टीनं तं हद्दच झाली. तुये मालक इसरूभाऊजी वारले त्या साली तू रोज उशिरा उठे अन् तुया मोहाखालची जागा कोणीतरी झाडून ठेवलेली राहे. पालापाचोळा नाई, नुसते फुलं टपकलेले, येचाले सोपे. तू प्रार्थनेत सांगतलं का कोण झाडे ते मले आजलोक समजलं नाई, पण देव असाच झाडते, आपुन उठाच्या आधी. बाया पदर डोळ्याले लावून रडल्या. दिव्यानी तं हुंदके देऊन. फादरनं ते रविवारी मिस्सात सांगतलं.

धुरपता, ते झाडणारी मी होती.

महिनाभर. आपल्या झाडाखाली जाच्या आधी तुया झाडाखाली. कंबर मोडे. सांगाचं नव्हतं, सांगतलंही नसतं. पण काम माह्यं अन् नाव देवाचं अन् रडणं तुया नावानं, हे माह्याच्यानं पाहवलं नाई. मी तिथी मांडी घालून बसली होती अन् आतून जळत होती.

आता मुद्द्याचं लिवते, नाई तं सिस्टर निंघून जाईन.

ऑक्टोबर महिन्यात माऊलीची, येशूच्या मायची, मूर्ती घरोघर जाते. ज्याच्या घरी रात मुक्काम झाला त्यानंच दुसऱ्या दिवशी उचलून पुढच्या घरी न्याची. माया घरून तुया घरी होती. नेणारी मीच. तू सकाळपासून अंगण सारवलं, रांगोळी टाकली, भाताचा गंज चढवला, मले सगळं दिसत होतं. दिवसभर तुया घरी बायाईची येजा, अन् माया घरी माऊली असून कोणी पाणी प्याले आलं नव्हतं.

निंघताना म्या लोकाईले सांगतलं का धुरपताले ताप हाय, तिनं नाई म्हनलं, सिध्ये दिव्यानीच्या घरी चला. गाणं म्हनत तुया दारासमोरून आलो. तू उंबऱ्यात दिवा घेऊन उभी. दिव्यानी म्हनली, "मोठीमाय, काकू तं उभी हाय." म्या म्हनलं, "दर्शनाले उठली. चला." तू एक पाय खाली टाकला होता. मी समोर पाहत गेली. मूर्ती माया हातात होती, हलकी हाय ते, पण त्या दिवशी खांदे भरून आले.

तो भात तू काय केला मले मालूम नाई. दुसऱ्या दिवशी तू पहिल्या गाडीनं अहेरीले गेली. गावात आता म्हनतेत का धुरपताले माऊली घरात घेणं जड झालं. म्या ऐकलं अन् चूप राह्यली.

फादरले पापकबुलीत सांगतलं. ते सोपं हाय. ते खुर्चीवर डोळे मिटून आयकतेत, पाच प्रार्थना देतेत. म्हनल्या. पण पाचामधून तुया अंगणाची एकही नव्हती.

मंग परवा वाचन आलं का तू देवाले काही वाहाले निंघाला अन् भावाच्या मनात तुयाबद्दल वाकडं हाय असं आठवलं, तं ते तिथंच ठेव अन् आधी त्याच्याकडं जा. लोक माह्याकडं पाहू लागले. म्या म्हनलं, "आज चिंतन नाई. घरी जा." पह्यल्यांदा सगळे बसूनच राह्यले.

महिना सरला तरी मूर्ती म्या देवळात नेली नाई. दिव्यानीच्या पुढचे घरं झाल्यावर वापस माह्याच घरी आणली. फादरनं पुसलं तं म्हनलं, एक घर बाकी हाय.

शनिवारच्या गाडीनं येजो. मी त्याच रस्त्यानं, सगळ्याईले घेऊन येईन, अन् तुया अंगणात सांगीन का हिनं नाई म्हनलं नव्हतं, म्या खोटं सांगतलं. नाई आली तं मूर्ती मांडीवर घेऊन अहेरीच्या गाडीत बसीन. लोक हासतीन तं हासू दे.

मी अजूनही जळते, खोटं काऊन लिवू. त्या दिवशी चिंतन तूच सांगजो, बाया तुलेच मांगतीन. पण मोहाचं सांगशीन तं झाडणारीचं नाव घेजो. नाई घेतलं तरी चालते.

घेजो.

तुया दारावरून न थांबता गेलेली,
बायना