इथे काही गळले आहे का?

मंगळवार, १४ मार्च

प्रिय दादा,

वाकून केलेला नमस्कार समजून घे, गुडघा सध्या वाकायला तयार नाही. वहिनीचा खोकला कसा आहे? तिला म्हणावं, घरचे उपाय पुरे, आता डॉक्टरकडे जा. आमच्या छापखान्यात नवा पंखा आलाय. वारा कमी आणि आवाज जास्त, त्यामुळे प्रुफं उडत नाहीत, नुसतं डोकं उठतं.

तुझ्या पुस्तकाची पहिली सहा प्रकरणं तपासून झाली, सोबत पाठवते आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत तू शाळेत होतास तसाच आहेस. अख्खं पुस्तक संगीतावर, आणि ‘संगीत’मधली ‘गी’ चार ठिकाणी ऱ्हस्व! पण छान लिहिलं आहेस रे. सत्तरच्या दशकातल्या फंकच्या आणि आर्ट रॉकच्या रेकॉर्डी शेजारी शेजारी लावून ऐकायच्या, हे तुलाच सुचावं. फंकचं गाणं एकाच ठेक्यावर मांडी घालून बसलेलं, तर आर्ट रॉकचं रेकॉर्डची अख्खी बाजू खाऊन वर चार वेळा चाल बदलणारं. तिसऱ्या प्रकरणात फंकमधल्या बास गिटारबद्दल लिहिलंयस, ते वाचताना मी पेन्सिल बाजूला ठेवली. मला वाटायचं, तू ते कधी नीट ऐकलंच नाहीस.

सातवं प्रकरण मागे ठेवलं आहे. शाई फिकी उमटली होती, असं तुला कळवणार होते. शाई चांगली ठसठशीत आहे.

सातवं प्रकरण म्हणजे निळ्या कव्हरची तुझी लाडकी रेकॉर्ड, दुसरी बाजू. चार-चार ठोक्यांची सरळ चाल चालू असताना मध्येच तीन ठोके गाळले आहेत, आणि ऐकणाऱ्याच्या पायाखालची फरशी क्षणभर निसटते, असं तू लिहितोस. फंकवाला एक ठोका सोडायला धजणार नाही, आर्ट रॉकवाला तीन सोडतो, कारण तो विचार करतो. सगळं पुस्तक या एका खुंटीवर टांगलंयस. त्या ओळीसमोर मी समासात नेहमीची खूण केली: ‘इथे काही गळले आहे का?’ लेखकाला विचारायचा प्रश्न. पण उत्तर मलाच माहीत आहे, दादा.

ते ठोके त्या वादकांनी गाळले नाहीत. मी गाळले.

तुझी शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती. आईबाबा कामावर. मी तेरा वर्षांची. तू बजावलं होतंस, निळ्या कव्हरला हात लावायचा नाही, ते नाचायचं संगीत नाही. मला बघायचं होतं, खरंच नाचता येत नाही का. येत होतं! दुसऱ्या बाजूला मध्यावर तो बास असा काही चालायला लागला की मी कपाटापासून खिडकीपर्यंत उड्या मारत गेले. आपल्या त्या खोलीची लाकडी जमीन तुला आठवत असेल. मी टाचेवर आदळले आणि सुई करकन सरकली. पुसून बघितलं. ओरखडा केसाएवढा होता. रेकॉर्ड कव्हरात घातली आणि भूमितीचं पुस्तक उघडून बसले.

रेकॉर्डचा एक फेरा पावणेदोन सेकंदांहून किंचित जास्त. त्या चालीला तेवढ्या वेळात बरोबर तीन ठोके बसतात. सुई एक रेघ ओलांडून पडली की तीन ठोके गेले. हा हिशेब मी फार नंतर केला, पण कळलं होतं त्याच संध्याकाळी. तू आलास, रेकॉर्ड लावलीस, त्या जागी दचकलास. मी भूमितीच्या पुस्तकात डोकं घातलं. आणि तू म्हणालास, “अरे! हे इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं!”

तेव्हा भीतीने गप्प बसले. नंतर मात्र, खोटं कशाला बोलू, मला मजा येऊ लागली. तुमच्या रेकॉर्ड ऐकणाऱ्यांच्या मंडळात त्या तीन ठोक्यांवर तू भाषण दिलंस, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तू माझ्या फंकच्या गाण्यांना ‘पाय हलवायची गाणी’ म्हणालास की मी मनात म्हणायची, ज्याच्यावर तू भाळलायस तीसुद्धा माझीच टाच आहे. आणि रेकॉर्डच्या नव्या आवृत्तीत ते ठोके जागेवर सापडले, तेव्हा तू या प्रकरणात तळटीप लिहिलीस की कंपनीने बाजारासाठी ते मागाहून भरले. ती वाचून मी एवढी हसले की मालक केबिनमधून बाहेर आले.

हसू थांबलं ते पुढच्या पानावर. ‘माझी धाकटी बहीण फंकवर नाचत असे. तिच्यासारख्यांना ठोका पुरतो, विचाराची गरज भासत नाही.’

हे तू गमतीत लिहिलंस, ठाऊक आहे. मला लागलं. चाळीस वर्षं तुझं प्रत्येक टिपण मी तपासलं, आणि पुस्तकात माझ्या वाट्याला एवढंच आलं.

एका कव्हराला घडी पाडली म्हणून तू जवळच्या मित्राशी सहा वर्षं बोलला नव्हतास. त्यामुळे हे पत्र मी तीनदा फाडून पुन्हा लिहिलं आहे. पण चूक छापून येऊ दिली, तर तुला हसणारे लोक बाहेरचे असतील. ते मला चालणार नाही.

माझं ऐकशील तर प्रकरण काढू नकोस, पुन्हा लिही. ते तीन ठोके जागेवर ठेवून ऐक. तिथला बास शुद्ध फंक आहे, दादा. तुझ्या त्या विचारवंतांनी तो कुठून उचलला, हे तुझ्याच तिसऱ्या प्रकरणात लिहिलेलं आहे. तू दोन कप्पे केलेस, त्यांनी केले नव्हते. रविवारी ये, त्या रेकॉर्डची नवी प्रत मी आणून ठेवली आहे. नाहीतर मी येते.

मजकूर पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी छपाईला जायचा आहे. सातव्या प्रकरणावर ‘छापण्यास हरकत नाही’ अशी सही मी केलेली नाही. तू सांगशील तर मालकांकडून पंधरा दिवस मागून घेईन. नाही म्हणालास, तर सगळं तुझ्या मर्जीप्रमाणे जाईल, तीन ठोक्यांसकट, तळटीपेसकट.

फक्त बहिणीबद्दलची ती दोन वाक्यं मी खोडली आहेत. लेखकाला न विचारता मी आजवर एक अनुस्वारही हलवलेला नाही. ही खोडली, आणि तू कितीही रागावलास तरी परत घालणार नाही.

तुझी बहीण,
या पुस्तकाची मुद्रितशोधक