सुंठी रमली

॥ श्री ॥
पंचवटी, नाशिक
३० सप्टेंबर १९९६

चि. सौ. आशास अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र घेऊन येणाऱ्या यादवच्या टेम्पोत वेताची टोपली आहे आणि टोपलीत सुंठी आहे. टोपली घरात नेऊन दारंखिडक्या लावल्याशिवाय झाकण उघडू नकोस. आधी एवढं कर, मग पुढचं वाच.

झालं असं, की काल आमच्याकडे भुसावळचे यजमान होते, वडिलांच्या श्राद्धाला. पितृपक्षाचे दिवस, तुझ्या नाना भावोजींना मान वर करायला फुरसत नाही. गच्चीवर कावळ्यासाठी पान वाढून ठेवलं आणि कावळा काही शिवेना. सगळं कुटुंब हात जोडून उन्हात उभं. मुलगा वडिलांना काय काय कबूल करत होता, बहिणीला घर बांधून देईन इथपर्यंत मजल गेली. तेवढ्यात आमच्या बाईसाहेब कठड्यावरून उतरल्या आणि पानावरचं दही चाटून मोकळ्या झाल्या! यजमानांची बायको म्हणाली, जाऊ द्या, मामंजींना दही फार आवडायचं. पण नानांचा चेहरा बघवत नव्हता. उद्या हे लोक दुसऱ्या उपाध्यायांकडे जातील, पंधरवडा संपेपर्यंत मांजर डोळ्यांसमोर नको, असं त्यांनी निक्षून सांगितलं. आणि हेच नाना बरं का, ज्यांच्या वह्या उंदीर कुरतडत होते तेव्हा यजमानांच्या सात पिढ्यांची नावं सुंठीनं वाचवली म्हणून तिला वह्यांच्या खोलीत गादी घालून देत होते. गरज सरो अन् वैद्य मरो, दुसरं काय!

तुमच्या भाताच्या गोदामात उंदरांना तोटा नाही, म्हणून तुझी आठवण झाली. तिला दूध कोमट लागतं, निम्मं पाणी घालून. टोपलीत माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा आहे आणि तिची पितळी वाटी आहे. त्याच वाटीत दे, स्टीलच्या भांड्याला ती तोंड लावत नाही. आणि स्पष्टच सांगते, मांडीवर घ्यायची सवय लावू नकोस.

तुला माहीतच आहे, गेल्या वर्षी भाजीबाजारात हिची आई गाडीखाली गेली आणि कोबीच्या गोण्यांमागे ही चार पिल्लं ओरडत होती. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून मी ती वाढवली. तिघांना घरं बघून दिली, मुलगी देताना करत नाहीत एवढी चौकशी करून. ही एकटी मी कुणाला दिली नाही. तुलाही देत नाहीये, फक्त ठेवायला पाठवतेय.

माझ्यावर लोभ आहेच तो वाढव, मांजरावर मात्र बेताचा असू दे.

तुझी ताई,
कुसुम

॥ श्री ॥
घोटी
५ ऑक्टोबर १९९६

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पाहुणी सुखरूप पोचली. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. सुंठी पहिल्या दिवसापासून छान रमली. तुझी आठवणही काढत नाही.

दिवसभर गोदामात भाताच्या पोत्यांवर लोळते. काल एकटीनं तीन उंदीर मारले. आमच्याकडे भात पाखडायला येते ती अक्काबाई तर तिच्यावर इतकी खूश आहे की हिचा पाय लय गुणाचा हाय, हिला परत धाडू नका, असं ह्यांना दोनदा सांगून गेली. मनोज शाळेतून आला की आधी तिला शोधतो. त्यानं तिचं नाव राणी ठेवलंय आणि ती त्याला ओ देते, गंमतच आहे.

ताई, स्टीलच्या वाटीतून ती मजेत पिते गं. आणि मांडीचं म्हणशील तर मी नाही घेत. मी तांदूळ निवडायला बसले की तीच येऊन बसते. आता बसलेल्या जिवाला उठवायचं कसं, तूच सांग.

नानांना म्हणावं, पितरं जेवली की नाही ते कळवा. वाढत्या लोभाची अपेक्षा तुझ्याकडून नेहमीचीच.

तुझी,
आशा

॥ श्री ॥
पंचवटी
१० ऑक्टोबर १९९६

चि. सौ. आशास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. 'छान रमली. तुझी आठवणही काढत नाही.' हे वाक्य मी आधी वाचलंय, आशा. सात वर्षांपूर्वी, तुझ्याच अक्षरात.

मनोजच्या वेळी तू अंथरुणाला खिळलीस, तेव्हा सात वर्षांची तृप्ती तूच माझ्या ओटीत आणून घातलीस. चार वर्षं तिच्या वेण्या मी घातल्या, पाढे मी पाठ करून घेतले, गोवर निघाली तेव्हा उशाशी मी बसले. मग एका एकादशीला मी गंगेवर आंघोळीला गेले आणि तू येऊन तिला घेऊन गेलीस. मी ओल्या लुगड्यानं घरी आले तर खुंटीवर दप्तर नाही, ताटलीत अर्धी खाल्लेली पोळी. निरोप घेतला असता तर पोर रडली असती, असं तू नंतर म्हणालीस. आणि आठ दिवसांनी तुझं पत्र आलं: तृप्ती छान रमली, तुझी आठवणही काढत नाही.

पोर तुझी, मी काय बोलणार! पण मांजर माझं आहे. ते काही तू नऊ महिने पोटात वाढवलेलं नाहीस.

आणि राणी कोण? तिचं नाव सुंठी आहे. सुंठीसारखा रंग बघून मी ठेवलंय. मनोजला सांग, नाव बदलायला ती काही त्याची बायको नाही.

नाना म्हणतात, मांजरावरून कुणी एवढं जळतं का? जळतं. आहेच मी जळकी. तू मांडीवर घेऊन बसलेली डोळ्यांसमोर येतेस आणि मला भाजी चिरवत नाही. परवा अमावास्या, की लगेच नवरात्र बसतं, घरात घट असताना मला हलता येणार नाही. दसरा झाला की टोपली न्यायला येते.

लोभ किती ठेवायचा ते तूच ठरव.

कुसुम

॥ श्री ॥
घोटी
२४ ऑक्टोबर १९९६

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

जुन्या गोष्टी कशाला उकरतेस गं? बातमी एवढी गोड आहे की रागावलीस तरी आज मी ऐकणार नाही.

परवा सुंठी बाळंत झाली! गोदामात, तुझ्याच वेताच्या टोपलीत. तीन पिल्लं आहेत. एक अगदी आईच्या रंगाचं, एक काळंपांढरं, आणि तिसरं पांढऱ्या पायांचं, ते जरा नाजूक आहे. अक्काबाईनं टोपलीभोवती गोणपाट बांधून आडोसा केलाय आणि पुरुषमाणसांना तिकडे फिरकू देत नाही. मी तिला तूप घालून शिरा केला तर हे म्हणाले, माझ्या बहिणीच्या बाळंतपणात एवढं केलं नव्हतंस. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं लागतं ना, तसं झालं म्हणायचं.

एक मात्र ऐक ताई. आता लगेच न्यायची घाई करू नकोस. पिल्लांचे डोळेही उघडले नाहीत. दीड महिना जाऊ दे, ती आपलं आपण खायला लागली की आईला घेऊन जा. तुला मी सांगायला हवं का? तूच मला शिकवलंस हे.

लेकुरवाळीचा नमस्कार आणि माझाही. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आशा

॥ श्री ॥
पंचवटी
२८ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. आशास आशीर्वाद.

तिचं माहेर इथं आहे. दिवस राहिले तेही इथंच. तू तिची कोण लागतेस ते मला माहीत नाही, पण आई लागत नाहीस.

शनिवारी बाळंतिणीला बघायला येते. दीड महिन्याचं काय ते आल्यावर बघू.

कुसुम

॥ श्री ॥
घोटी
४ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

शनिवारी तू आलीस. सुंठीनं तुला हुंगलं, पायाला अंग घासलं आणि परत पिल्लांपाशी जाऊन बसली. तेव्हाच तुझा चेहरा उतरला होता, माझ्या लक्षात आलं होतं. पण रविवारी सकाळी मी बाजारातून येईपर्यंत तू जीप धरून निघून गेली असशील, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. पिल्लं जमिनीवर गोणपाटात आणि टोपलीसकट सुंठी नाही! मनोज म्हणाला, मावशी म्हणत होती की आईला सांग, निरोप घेतला असता तर रडारड झाली असती.

एकादशीचा वचपा काढलास. बरं केलंस. माझं देणं होतं ते.

पण ताई, पिल्लांनी तुझं काय घोडं मारलं होतं? कालपासून मी आणि अक्काबाई आळीपाळीनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजतोय, तू सांगितल्याप्रमाणे, निम्मं पाणी घालून. दोघं पितात. पांढऱ्या पायांचं काही पिईना. आज सकाळी ते गेलं. लिंबाच्या झाडाखाली पुरलं. मनोज शाळेत गेला नाही.

आता खरं काय ते लिहिते. समोरासमोर मला जमायचं नाही.

तृप्तीला मी घेऊन आले त्यानंतर चार दिवस ती जेवली नाही. पाठीवर दप्तर अडकवून पायरीवर बसायची, नाशिककडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. जीप थांबली की उभी राहायची आणि तू उतरली नाहीस की खाली बसायची. आणि मी तुला लिहिलं की ती रमली. ताई, चार वर्षं मी दर रविवारी तुझ्याकडे यायचे आणि माझी पोर तुझ्या पदराआड लपायची. मला ती पाहुणी समजायची. एकदा तर तिनं मला विचारलं, की तुम्ही चहा घेणार का? तो 'तुम्ही' मी जन्मात विसरणार नाही. तुझ्यावर मी इतकी जळत होते की तुझं दुःख मला दिसत होतं आणि तरी बघायचं नव्हतं.

सुंठीचंही तेच. तीन दिवस तिनं दुधाला तोंड लावलं नाही. तुझ्या लुगड्याच्या तुकड्यात तोंड खुपसून पडून होती. चौथ्या दिवशी प्यायली ती पितळी वाटीतूनच. स्टीलचं मी खोटं लिहिलं. तुझं काहीतरी एकदा माझ्याकडे आपणहून रमावं, असं वाटलं गं मला, दुसरं काही नाही.

यादव पत्र देऊन दारात थांबेल. सुंठीला त्याच्याबरोबर पाठव. माझ्यासाठी नको, त्या दोघांसाठी पाठव.

लोभ मागायचं तोंड आज मला नाही.

आशा

॥ श्री ॥
पंचवटी
१५ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. आशास अनेक उत्तम आशीर्वाद.

त्या दिवशी मी यादवच्या टेम्पोतून टोपली मांडीवर घेऊन आले आणि तीन दिवस तुझ्याकडे राहिले, पण आपण दोघी पिल्लांशिवाय दुसरं काही बोललो नाही. तुझ्यासारखंच माझंही आहे, तोंडानं जमत नाही. म्हणून दिवाळीची भांडी घासून झाल्यावर आज बसलेय.

सुंठीला इथं आणलं त्या रविवारपासून ती ओरडत होती. वह्यांच्या खोलीच्या दारावर नखं मारून मारून तिनं रंग काढला. मी मांडीवर घेतलं तर माझं लुगडं तिच्या दुधानं ओलं झालं. मला तेव्हाच कळलं होतं, आशा. कळूनही मी एक दिवस तशीच बसून राहिले, तुला चार घटका कळू दे म्हणून. तू पत्र धाडलं नसतंस तर आणखी किती बसले असते, देव जाणे. यादव आला तेव्हा नानांनी टोपली आणून माझ्यापुढे ठेवली. मोठी असून लिहिते, माझं चुकलं. पांढऱ्या पायांचं गेलं ते माझ्या हट्टानं गेलं.

मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं म्हणतात. नानांना विचारलं. ते म्हणाले, सोन्याचं राहू दे, जिवंत दोन आहेत त्यांचं बघ. म्हणून ठरवलंय ते ऐक. पिल्लं खायला लागेपर्यंत सुंठी तुझ्याकडेच राहील. मग ती आणि काळंपांढरं माझ्याकडे. आईच्या रंगाचं तुला. एरवी मी घर बघितल्याशिवाय पिल्लू देत नाही, पण तुझं घर बघितलंय. त्याचं नाव मनोजनं काय हवं ते ठेवावं, राणी ठेवलं तरी चालेल.

तृप्ती पायरीवर बसायची ते वाचून मी रडले. आणि खरं सांगू? रडता रडता बरंही वाटलं. पोर चार दिवस उपाशी होती आणि मला बरं वाटलं. अशी मी आहे. ती पुण्याला शिकतेय, तिला हे कळवू नकोस. तिला 'तुम्ही' म्हणायला मी शिकवलं नव्हतं, एवढं मात्र शपथेवर सांगते. पण तिनं म्हटलं तेव्हा मी आतून ऐकत होते आणि तिला टोकलं नाही. तेही आता तुला कळू दे.

लोभ आहे तसा मत्सरही आहे. दोन्ही एकाच घरातले आहेत, दोन्ही सांभाळून घे.

तुझी ताई,
कुसुम

ता. क. दर आठवड्याला पत्र टाक. सुंठी किती जेवली, कुठे झोपली, किती उंदीर मारले, सगळं खरं खरं लिही. फक्त ती रमली असं लिहू नकोस. रमली असली तरी.