काशी की डाळिंब

१४ नोव्हेंबर
आणि परत तेच. दादा फोनवर म्हणतो, "तुझं बरंय, तू तिकडं मजेत." इथं काशीत सोनं गाळायच्या भट्टीपुढं एक दिवस उभा राहून बघ म्हणावं. दिवाळीला गेलो नाही म्हणून चार दिवस बोलला नाही, आणि आज बोलला तर हुकूमच. कॅनॉलचं पाणी रानात आलंय, दोन एकर डाळिंब लावायचं, तू ये. पौर्णिमेपर्यंत सांग, नायतर तुझा एकर दुसऱ्याला वाट्यानं देतो. मी धाकटा म्हणून काय मला...
जाऊ दे.

१५ नोव्हेंबर
 मालकांनी, बापूशेठनी, बोलावलं. ठठेरी बाजाराकडं दुसरं दुकान काढणार. टंच काढायचं मशीन आणणार. सोनं ठेवलं की खरं किती, भेसळ किती, पडद्यावर आकडे. "मशीन तू शिकलास तर तिसरा हिस्सा तुझा." तिसरा हिस्सा. आठ वर्षं लोकांचे दागिने वितळवले, जुन्या जरीच्या साड्या जाळून चांदी काढली, आणि आता हिस्सा. उत्तर त्यांना पण पौर्णिमेलाच पाहिजे.
मशीनचं पुस्तक सगळं इंग्रजीत. मी सातवी. संत्या, भट्टीवर माझ्या जोडीला असतो, आमच्याच गावचा, म्हणला, "तू आन् इंग्रजी. मशीन पळून जाईल."

१६ नोव्हेंबर
वरच्या मजल्यावर काकूंकडं गेलो. घरमालकीण, पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवायच्या. सात पिढ्या काशीत, मराठी बोलतात ती निम्मी हिंदी. म्हणल्या, "शिकवीन, पण रोज यायचं. नागा नाही चालणार." त्यांना सगळं सांगून टाकलं, दुकानाचं, दादाचं. त्यांनी त्यावरच एक इंग्रजी शब्द शिकवला. वे अप. दोन गोष्टी समोर ठेवायच्या, दोन्हींचं बरंवाईट पारखायचं, मग ठरवायचं. 'मग' म्हणताना टेबलावर बोट आपटलं. ठरून गेल्यावर हा शब्द वापरायचा नाही.
आय ॲम वेइंग अप टू ऑफर्स. जिन्यात वीस वेळा म्हणलो.

१७ नोव्हेंबर
भट्टीवर दिवसभर तेच. संत्या म्हणतो, "दोडका आणू का भोपळा? कर की वे अप." काकूंना विचारलं, भाजीला चालतो का. हसल्या. "तेवढा हलका नाही रे तो. नोकरी, मकान, शादी, तिथे शोभतो."
घरी करून आणायला सांगितलंय. पानाच्या मधोमध रेघ, इकडं काशी, तिकडं गाव.

१८ नोव्हेंबर
काशीकडं अकरा ओळी झाल्या. हिस्सा, मशीन, स्वतःची खोली, कुणी उठसूट अक्कल शिकवणार नाही, वगैरे. गावाकडं दोन. १ धूळ. २ दादाचं ऐकायचं.
काकूंनी चष्मा लावला, पान बघितलं, काढला. "हे काय आहे, भैया? ह्यात वे अप कुठे झालं? तू तर ठरवून बसलास, आता माझ्याकडून फक्त सही पाहिजे."  म्हणल्या, गावाची बाजू तुझ्या भावानं लिहिली असती तशी लिही. आणि काशीची पण खरी लिही.

२० नोव्हेंबर
काल नुसतं पेन चावलं. आज आठ ओळी आल्या गावाच्या. पाणी आलंय. एकर माझ्या नावावर आहे. आईच्या हातचं. बोलताना शब्द शोधावा लागत नाही. दादानं विहीर एकट्यानं खणली, मी इकडं होतो. 
मग काशीकडं बारावी ओळ. तेजाबाचा, ॲसिडचा धूर. बापूशेठ सकाळी जिना चढताना मधी थांबतात, भिंतीला हात लावून खोकतात. तीस वर्षं भट्टी. ही ओळ पहिल्या दिवशी लिहिली नव्हती.
आता खरंच कळंना कुठलं जड. गंमत म्हणजे भीती वाटत नाही, झोप उडालीय आनंदानं. आजपर्यंत कुणी मला दोन गोष्टी दिल्याच नव्हत्या.

२२ नोव्हेंबर
दादाला फोन. न भांडता बोललो, त्याचं दादालाच नवल. पान वाचून दाखवलं, दोन्ही बाजू. विहिरीची ओळ परत वाचायला लावली. मी म्हणलो, तू इकडच्या बाजूचा कधी विचार केलास का? तर म्हणतो, "मी बघितलंय कुठं? आठ वर्षांत एकदा तरी ये म्हणलास?"
कधीच म्हणलो नव्हतो. खरंय.
म्हणलो, मग ये. दुकानाची जागा बघ, भट्टी बघ, धूर पण बघ. तर म्हणतो, "काशीला? माझं अजून वय झालं नाही." मागून वहिनी म्हणाली, "तुमचं नसंल झालं, मी येते." तिथंच ठरलं, दोघं येणार.

२४ नोव्हेंबर
उद्या पौर्णिमा, उत्तर दोघांनाही दिलं नाही. बापूशेठना सांगितलं, भाऊ येतोय, तो बघून गेला की मी पण त्याच्याबरोबर जाऊन रान बघून येतो, मग सांगतो. म्हणले, "गिऱ्हाईक दहा दुकानं फिरतं ते ठीक. तू तर माझ्यापेक्षा पक्का निघालास." पण थांबतो म्हणले, पंधरा डिसेंबरपर्यंत. दादानं पण एकर अजून कुणाला दिला नाही.
काकू म्हणल्या, आता शब्द बरोबर वापरलास.
परवा बँक उघडली की दादाच्या खात्यावर, दादा-वहिनी दोघांचं येणंजाणं आणि वाटखर्च धरून, साडेतीन हजार टाकायचे.